इन्स्पेक्टरचं मखमली जाकीट

गल्लीत सगळे त्यांना सोफेकाका म्हणायचे. जुन्या खुर्च्या, सोफे, दिवाण यांना नवं कापड चढवायचं, बसलेल्या स्प्रिंगा उभ्या करायच्या, फाटलेल्या गाद्या भरून शिवायच्या, हा त्यांचा धंदा. खाली दुकान, वर घर, आणि मधे एक लाकडी जिना. माणूस कामाला वाघ, पण बोलण्यात महाकंजूष. गिऱ्हाईक आलं की खुर्चीभोवती एक चक्कर मारायची, बैठकीवर तळहात दाबून बघायचा आणि म्हणायचं, "होईल." समोरच्यानं विचारावं, "कधी?" तर, "झाली की कळवतो." विषय संपला. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आपलं काही चुकलं का?

बायको होती तोवर हे कुणाला खटकायचं नाही, कारण ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि दुकान, घर, जिना सगळंच एका दमात मुकं झालं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. दिवसभर कुठल्या तरी इमारतीत वरखाली करून संध्याकाळी घरी यायचा. बापलेक समोरासमोर बसून जेवायचे आणि ताटाला चमचा लागेल तेवढाच आवाज घरात व्हायचा.

मग कोंबडी आली, तीही खुर्चीत बसून. गावाबाहेरचं एक शेतघर विकायला निघालं होतं. तिथली भली मोठी हातांची खुर्ची दुरुस्तीला टेम्पोतून दुकानात उतरवली, तर बैठकीच्या भोकात ही तपकिरी बाई आरामात मांडी ठोकून बसलेली. काकांनी मालकाला फोन केला. मालक हसून म्हणाला, "अहो, बाकीच्या सगळ्या दिल्या. ही खुर्ची सोडायलाच तयार नाही. ठेवून घ्या तुम्हीच." खुर्ची दुरुस्त होऊन परत गेली, कोंबडी राहिली.

ती दिवसभर दुकानात हिंडायची. प्रत्येक खुर्चीखाली वाकून बघायची, शिवणीवर एक डोळा रोखायची, सुटा दोरा दिसला की चोच मारून ओढायची. काकांनी तिचं नाव ठेवलं इन्स्पेक्टर. आणि जो माणूस गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलताना घामाघूम व्हायचा, तो या कोंबडीशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड गप्पा मारू लागला.

हे सगळ्यात आधी कळलं सुनेला. मुलाचं लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासऱ्यांना ती चांगलीच घाबरून होती. ती एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, म्हणजे दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची सवय. घरी मात्र सासऱ्यांचं तोंड कायम मिटलेलं. "बाबा, चहा चालेल?" "हं." "बाबा, भाजीत मीठ बरोबर आहे?" "हं." यातला कुठला 'हं' खुशीचा आणि कुठला रागाचा, हे तिला काही केल्या उमगेना.

एकदा ती दुपारच्या सुट्टीत घरी आली होती. जिन्यात पाय ठेवला आणि खालून काकांचा आवाज आला.

"तुला सांगतो इन्स्पेक्टर, पोरगी गुणाची आहे. सगळ्यांना गरम वाढते आणि स्वतः गार झालेलं खाते. असं बरं नव्हे. पण सांगणार कोण? मी सांगायला गेलो तर तिला वाटेल, म्हातारा चुका काढतो."

"क्वॉक," इन्स्पेक्टर म्हणाली.

"तेच म्हणतो मी."

सून जिन्यातच खाली बसली. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. त्या दिवसापासून तिला सासऱ्यांच्या मनातलं जाणून घ्यायची वाटच सापडली. जिन्याच्या मधल्या पायरीवर दोन मिनिटं थांबायचं, बस्स. काकांना नवा पडदा आवडला, गुडघा दुखतोय, मुलगा फार राबतो म्हणून काळजी वाटते, सगळ्या बातम्या तिथे मिळायच्या.

आणि एका सकाळी कामावर निघताना ती जिन्यात थांबली, तर खाली शांतता. हातोडीचा आवाजही नाही. तिनं डोकावून पाहिलं. काका जमिनीवर उकिडवे बसलेले, आणि समोर इन्स्पेक्टर मान आखडून, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून उभी. पुढ्यातल्या दाण्यांकडे तिचं लक्षही नव्हतं.

"काय झालं बाबा?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. एरवी 'काही नाही' म्हणाले असते. या वेळी म्हणाले, "कालपासून खात नाही गं. हे बघ, गळ्याखाली."

तिनं हात लावला. छातीच्या वर, गळ्याच्या खाली एक गोळा लागला. लिंबापेक्षा मोठा आणि चांगला टणक.

"डॉक्टरकडे न्यायला हवं," ती म्हणाली.

"कोंबडीला?"

"मग काय, गिऱ्हाइकासारखं सांगणार का तिला, बरी झालीस की कळव म्हणून?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण काका उठले, एक खोकं रिकामं केलं, त्यात फोमचा तुकडा बसवला, वर जुनं मऊ कापड पसरलं आणि म्हणाले, "चल."

तिनं कामावर फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं आणि दोघं निघाली.

प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर सगळी बडी मंडळी बसली होती. एक धिप्पाड कुत्रा, दोन मांजरी, पिंजऱ्यात एक ससा. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

काका खोक्यात डोकावले. सून त्यांच्याकडे बघतेय, कुत्र्याचा मालकही बघतोय.

"नाव सांगा ना काका."

"इन्स्पेक्टर," काका पुटपुटले.

"तुमचा हुद्दा नाही हो, पेशंटचं नाव."

"पेशंटचंच आहे!" काका जोरात म्हणाले. बाकावर खसखस पिकली. कुत्र्याचा मालक सरकून बसला आणि खोक्यासाठी जागा करून दिली. "या, या साहेब," तो खोक्याला म्हणाला.

डॉक्टरीणबाई जाडजूड, हसऱ्या आणि हातानं हलक्या होत्या. त्यांनी गोळा चाचपला, चोच उघडून वास घेतला आणि विचारलं, "काय काय खाते ही?"

सुनेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच काका सुरू झाले. सकाळी काय खाते, दुपारी काय, कुठला दाणा बाजूला सारते, पाणी कुठल्या वाटीतून पिते, उन्हात किती बसते, तिला हातोडीचा आवाज चालतो पण यंत्राचा चालत नाही. सून थक्क होऊन ऐकत राहिली. हा माणूस माणसांशीही बोलू शकतो!

"आणि दोरे?" डॉक्टरीणबाईंनी मधेच विचारलं. "शिवणकामाचं दुकान आहे म्हणालात."

काकांचा चेहरा पडला. "सुतळी ओढते. काथ्यापण. मला वाटायचं, ओढून टाकून देते."

"गिळते. अन्नाची पिशवी असते ना ही गळ्याखालची, तिथे गुंता झालाय. पुढे काही सरकत नाही." त्यांनी तेलाचे थेंब कसे द्यायचे, गोळा बोटांनी हलकेच कसा चोळायचा ते दाखवलं. "दाणा बंद, फक्त पाणी. आणि काही झालं तरी उलटी धरायची नाही, पाणी श्वासात जाईल. उद्या घेऊन या. मोकळं झालं नाही तर छोटं ऑपरेशन करू. घाबरू नका, तिला भूल देऊ."

"तिला द्या, पण यांना कोण देणार?" सून हळूच म्हणाली. काकांनी तिच्याकडे रागानं पाहिलं आणि मग चक्क हसले.

त्या दिवशी तेल पाजायचा कार्यक्रम स्वयंपाकघरात झाला. काका धरणार, सून चोच उघडणार. तिनं कामावरचे पातळ हातमोजे घातले आणि सवयीनं म्हणाली, "हं, आ करा बघू. मोठा आ." इन्स्पेक्टरनं चोच आणखी घट्ट मिटली. मग सुनेनं चोचीच्या कडेला बोट लावलं, चोच उघडली आणि थेंब आत गेले.

"वा," काका म्हणाले. "हात चांगला आहे तुझा."

"दात नसलेला पेशंट पहिल्यांदाच आला. सोपं गेलं."

काका संध्याकाळपर्यंत तो गोळा चोळत बसले. गादीत कापसाची गाठ कुठे झाली ते वरून चाचपून ओळखायची सवय असलेली ती बोटं. पण गुंता सुटला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करायचं ठरलं.

इन्स्पेक्टरला आत नेलं आणि काका दवाखान्याच्या बाकावर बसले. सून शेजारी. काका आपल्या बोटांकडे बघत होते.

"जमीन रोज झाडायला हवी होती," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही झाडता. तीच जरा हावरट आहे."

"हावरट नाही गं. कामाची आहे. सुटा दोरा दिसला की तिला राहवत नाही." मग म्हणाले, "तुझी सासू पण तशीच होती. माझ्या सदऱ्याला दोरा लोंबताना दिसला की भर बाजारात दातानं तोडायची."

सासूबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही सांगितलं होतं. सुनेनं आणखी विचारलं आणि ते बोलत राहिले. बायको गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसून आधी झोप काढून बघायची आणि मगच तो पास करायची. एकदा गिऱ्हाईक आलं तरी उठली नाही, तेव्हा ते बिचारं तासभर खुर्चीत बसून राहिलं. दोघं हसत होती तेवढ्यात दार उघडलं.

डॉक्टरीणबाईंच्या हातात ताटली होती. तिच्यात सुतळीचा ओला गोळा, काथ्याचे धागे आणि एक हिरवं बटण. "पेशंट शुद्धीवर येतेय. बटण कुणाचं?"

"म्हणजे ते तिनं खाल्लं होय!" काका ओरडले. "मी दुकानभर शोधलं!" आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

आत जाऊन त्यांनी जखम वाकून पाहिली. कोंबडीच्या पिसांआडची ती इवलीशी शिवण त्यांनी बराच वेळ न्याहाळली. "टाका फार सुबक आहे," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "दोरा कुठला वापरता?" मग त्या दोघांचं दोऱ्यांवर असं काही जमलं की सुनेलाच म्हणावं लागलं, "बाबा, बाहेर ससा थांबलाय."

खरी कसोटी पुढे घरी होती. इन्स्पेक्टरला स्वयंपाकघरात उबेच्या कोपऱ्यात ठेवलं. मुलानं लिफ्टच्या सामानातला छोटा दिवा आणून वर टांगला. दर थोड्या वेळानं औषध, भिजवून मऊ केलेला भरडा थोडा थोडा, आणि डोळ्यांत तेल घालून राखण. कारण तिच्या छातीवर दोरा होता आणि दोरा दिसला की इन्स्पेक्टरला राहवत नसे. ती मान वाकवायची आणि आपलेच टाके ओढायला जायची.

"कुत्र्यांना गळ्यात ते गोल घालतात तसं काही?" मुलानं सुचवलं.

"मग खाणार कशी?" सून म्हणाली.

काका उठून खाली गेले. यंत्राची घरघर आली. थोड्या वेळानं ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात गडद लाल मखमलीचं एक जाकीट होतं. पंखांना दोन भोकं, छातीवर मऊ अस्तराचा डबल पदर, आणि पाठीवर बंद. शिवण सगळी आतल्या बाजूनं, एकही दोरा बाहेर दिसत नव्हता. इन्स्पेक्टरला ते चढवलं. ती दोन पावलं मागे गेली, जाकिटाकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं, आणि शिवण सापडेना म्हणून वैतागून बसून राहिली.

मुलगा हसून हसून लोळला. "बाबा, मला आजवर असलं काही शिवलं नाहीत!"

"तुला टाके पडू देत, शिवतो."

आता ती मखमल होती कॉफी हाउसवाल्याची. त्याच्या नव्या दुकानाच्या खुर्च्या काकांकडे होत्या आणि त्या तशाच अर्धवट पडल्या होत्या. रोज त्याचा फोन यायचा आणि काका रोज 'होईल' म्हणायचे. शेवटी तो स्वतःच आला. आडदांड माणूस, खालून हाका मारतच जिना चढला. तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा इन्स्पेक्टर नुकतीच काकांच्या मांडीवर डोळा लागून पडली होती.

"अहो, हा काय प्रकार..."

"श्श!" काका आणि सून एकदम म्हणाले.

तो दचकला. त्यानं कोंबडी पाहिली, जाकीट पाहिलं आणि कापड ओळखलं. त्याचा चेहरा खुर्च्यांच्या रंगाचा झाला. पण ओरडायची सोय नव्हती. मग तो स्टुलावर टेकला आणि अगदी कुजबुजत भांडू लागला. "तुम्हाला काही लाज? माझं उद्घाटन तोंडावर आलंय. लोकांना काय उभं करू? आणि माझं कापड कोंबडीला?"

"उरलेला तुकडा होता," काकाही कुजबुजले. "खुर्चीला लागत नाही."

"खुर्च्या कधी?"

आणि काका, ज्यांनी आयुष्यात कुणाला तारीख दिली नव्हती, म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी. शब्द देतो. हिचे टाके शुक्रवारी निघतील. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही, उगाच शिवण वाकडी जाईल."

कॉफी हाउसवाला पुढे सरकला. वाकून त्यानं जाकिटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा डाग कसला?"

"दह्याचा. तो तेलाचा. तिकडचा काय ते विचारू नका."

"निघतात?"

"पुसलं की निघतात. बघा." काकांनी ओल्या फडक्यानं पुसून दाखवलं. डाग गेला. कॉफी सांडायच्या भीतीनं आठवडाभर झोप उडालेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. जाताना तो चवड्यांवर जिना उतरला.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेर पडली. इन्स्पेक्टर भरडा खायला कुरकुर करत होती आणि काका तिची समजूत घालत होते. सून ओट्यापाशी पाठमोरी उभी. ती तिथे आहे हे त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं कोण जाणे.

"खा बाई. दुखतं, मला कळतं. माझीही डावी दाढ किती दिवस ठणकतेय. सगळं उजव्या बाजूनं चावतो. पण जेवण सोडलं का मी?"

सून गर्रकन वळली. "किती दिवस?"

काका सटपटले. "मी तिच्याशी बोलत होतो."

"मी ऐकलं. आ करा."

"अगं, इथे?"

"आ करा बाबा. ती बघतेय. तुम्ही नाही केलंत तर ती कशी करेल?"

काकांनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. तिनं मान तिरकी केली. निरुपायानं त्यांनी तोंड उघडलं. सुनेनं मोबाइलचा उजेड आत टाकला आणि कपाळाला हात लावला. "उद्या माझ्याबरोबर यायचं. पळून गेलात तर जिन्यात आडवी बसेन."

दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत काका बसले ते खुर्चीच्या दोन्ही हातांत नखं रोवून. खुर्चीचं कुशन निकृष्ट आहे, फोम स्वस्तातला आहे, हे त्यांनी डॉक्टरांना तीनदा सांगितलं, म्हणजे तेवढा वेळ तोंड डॉक्टरांच्या हाती लागायला नको. सून शेजारी उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, इन्स्पेक्टरला औषध देताना ते म्हणत तसंच हलक्या आवाजात म्हणाली, "शहाणं गं माझं पाखरू. झालं हं, झालंच." काकांना इतकं हसू आलं की इंजेक्शन कधी दिलं ते कळलंच नाही. दाढ वाचली नाही, पण दुखणं गेलं. सुजलेला गाल धरून ते घरी आले, तर मुलानं दारातच विचारलं, "आता दोघांना भरडा का?"

शुक्रवारी टाके निघाले. इन्स्पेक्टर घरी येताच खोक्यातून टुणकन बाहेर पडली, दाण्यांच्या वाटीवर तुटून पडली आणि वाटी पालथी करूनच थांबली. शनिवारी खुर्च्या गेल्या. त्यासाठी मुलगा आणि सूनही हातभार लावायला बसली होती. सुनेनं चुका, म्हणजे ते बारीक खिळे, ठोकायला शिकून घेतलं. तिनं ठोकलेली एक खुर्ची काकांनी हळूच परत उसवली, पण तिला दिसेल अशी नाही.

काकांनी दुकानाच्या एका बाजूला कोंबडीसाठी जाळीची जागा केली. दोऱ्याचं काम चालू असलं की ती आत. ते तिला मुळीच पसंत नव्हतं आणि ती तसं दिवसभर ऐकवायची.

पुढे काही आठवड्यांनी सुनेच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सून माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, तिचा फोन वाजला. सासऱ्यांचा नंबर बघून ती घाबरली, कारण काका कधी कुणाला स्वतःहून फोन करत नसत.

"बाबा? सगळं ठीक ना?"

"हो. आईचे डोळे कसे आहेत?"

"छान. पट्टी निघाली. आता माझी साडी जुनी आहे हे तिला दिसायला लागलंय."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग कोंबडीनं किती खाल्लं, कुणाच्या चपलेत अंडं घातलं, शेजारच्या मांजराला कसं पळवून लावलं, ते सगळं सविस्तर झालं. नंतर मुलगा भाजी करपवतो ही तक्रार. सुनेला वाटलं, संपलं बोलणं.

"बरं, ऐक," काका म्हणाले. "आईकडे नीट बघ. इकडची घाई करू नकोस. सावकाश ये."

"हो बाबा."

"सावकाश म्हणजे रविवारी."